देवजीचा उजवा हात

"जगात पडलेलं असं काहीच नाही, जे पुन्हा उभं करता येत नाही!" सारिकाने अंगणात उभे राहून जाहीर केले, आणि तिच्या पाठीमागे तिची स्कूटर आडवी झाली.

स्टँड भुसभुशीत मातीत रुतला होता. डिकी उघडली, तिच्यातून रबरी पट्टे, कोन मोजायची पट्टी आणि दोन चेंडू बाहेर पडले. त्यातला पिवळा चेंडू उताराने घरंगळत थेट गोठ्यात गेला. म्हशीने त्याच्याकडे पाहिले आणि मान फिरवली.

ओट्यावर खाटेत टेकून बसलेल्या देवजीने हे सगळे पाहिले. त्याच्या तोंडाची उजवी बाजू अजून ओघळलेली होती, त्यामुळे तो हसला ते अर्धेच हसला.

"आदी तिला उभी करा बाई," तो म्हणाला, "मंग माजा नंबर लावा. मला काय घाई नाय."

अंगणात जाहीर केलेले ते वाक्य सारिकाचे स्वतःचे नव्हते. शहापूरच्या ज्या संस्थेत ती फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरीला होती, तिच्या माहितीपत्रकावर ते पहिल्याच पानावर छापलेले होते, आणि प्रत्येक नव्या घरी ते मोठ्याने म्हणायचे अशी वरिष्ठांची सूचना होती. त्याने रुग्णाचे मनोबल वाढते, असे वरिष्ठांचे मत होते. वरिष्ठ स्वतः शहापूरच्या बाहेर पडत नसत, त्यामुळे त्यांचे मनोबल बारमाही उत्तम असे.

आसनगावहून निघून, किन्हवली आणि सरळगाव मागे टाकून, सिद्धगडाच्या पायथ्याच्या या वाडीवर पोहोचायला तिला दोन तास लागले होते. देवजीच्या अंगावरून वारं जाऊन आता दोन महिने होत आले होते. भात कापता कापता झाले. विळा हातातून पडला असे त्याला वाटले म्हणून त्याने खाली पाहिले, तर विळा हातातच होता, हातच पडला होता. ही गोष्ट तो येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या रंगवून सांगे, की ऐकणारा हसावे की हळहळावे या विचारात चहा गार करी. देवजी वाडीचा लाडका माणूस होता.

सारिकाने त्याचा पाय उचलून पाहिला, गुडघा वाकवला, हाताची मिटत चाललेली मूठ एकेक बोट धरून उघडली. मग फाइल काढली. फाइलीत 'रुग्णाचे ध्येय' असा एक रकाना होता.

"काका, बरं झाल्यावर पहिलं काय करायचंय तुम्हाला?"

उत्तर शेजारच्या चांगोने दिले. तो सकाळपासून ओट्यावर बसून होता, आणि आजाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त बोलायचे होते.

"त्याला काय इचारता? वैशाखात माज्या दीपेशचं लगीन हाय. मांडवाची मेढ देवजीच रोवनार. तीस वर्सांत वाडीत जेवडे मांडव पडले, त्यांची पयली मेढ ह्याच्या हातची. एकाचा तरी संसार मोडला काय, इचारा!"

"नाय मोडला," देवजी म्हणाला आणि निर्जीव उजवा हात डाव्या हाताने उचलून, एखादे लहान मूल दाखवावे तसा त्याने सारिकाला दाखवला. "ह्याला मान हाय बाई. माजं काय, मी ह्याच्या मागनं जातो."

'उजव्या हाताने मांडवाची मेढ रोवणे,' सारिकाने लिहिले. वरिष्ठांना असली ध्येये फार आवडत. अहवालात छान दिसत.

"आणि मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

दाराच्या चौकटीला टेकून उभ्या असलेल्या बाईजाला, देवजीच्या बायकोला, आपल्याला कोणी काही विचारले आहे हे कळायला एक क्षण लागला.

"चालावं त्यानं," ती म्हणाली. "आपल्या पायानं भायेर जावं, यावं."

"बगा," देवजी म्हणाला. "आमची मजल मांडवापर्यंत, न् हिची संडासापर्यंत."

सगळे हसले. सारिकाही हसली.

बाईजाला लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे व्यायामाचा छापील तक्ता भिंतीवर लावून उपयोग नव्हता. यावर सारिकाने स्वतः काढलेला एक उपाय होता आणि तिला त्याचा मनातून अभिमान होता. तिने तुपाचे दोन रिकामे डबे मागून घेतले, एक लाल झाकणाचा, एक निळ्या. लाल पायाचा, निळा हाताचा. व्यायामाची एक फेरी झाली की त्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. दिवस मावळेपर्यंत दोन्ही डब्यांत तीस-तीस चिंचोके जमले पाहिजेत. सकाळी डबे रिकामे करून पुन्हा सुरुवात.

"आधी अंगठा बाहेर काढायचा. मग एकेक बोट. घाई नाही करायची. पंजा सपाट झाला की धरून ठेवायचा."

बाईजाने जवळ येऊन, वाकून, अगदी नीट पाहिले. हात मात्र लावला नाही.

"किती येळ धरायचा?"

"राहील तितका वेळ. हळूहळू त्याचा तो उघडायला लागेल, मिटायला लागेल. पूर्वीसारखा."

"अगदी पयल्यासारखा?"

"तुम्ही मनापासून केलंत तर का नाही?"

बाईजाने मान डोलावली.

तीन आठवड्यांनी सारिका पुन्हा आली, तेव्हा दोन्ही डबे भरलेले होते. तिने देवजीचा पंजा मांडीवर घेऊन उघडला, आणि तसाच धरून ठेवला. अंगठा हलला होता. चिमूटभरच, पण आपल्या आपण.

"काका, पुन्हा करा."

देवजीने डोळे मिटले, कपाळावर घाम आणला, आणि अंगठा पुन्हा हलला. इतका विनोदी माणूस, पण ढसाढसा रडला. सारिकाने बाईजाला हाक मारली, दाखवले, "मावशी, हात जिवंत आहे!" म्हणाली. बाईजा चहाचे कप घेऊन उभी होती. ती बराच वेळ त्या अंगठ्याकडे पाहत राहिली. त्या दिवशी चहात साखर नव्हती. आनंदाच्या भरात ते कोणाच्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर संस्थेच्या वार्षिक अहवालाचे दिवस आले. रुग्णांना चालते करण्यापेक्षा रुग्ण चालते झाल्याचे लिहिणे वेळखाऊ असते, त्यामुळे सारिकाला सात आठवडे शहापूर सोडता आले नाही. ती मनोजला फोन करी. मनोज हा देवजीचा मुलगा, मुरबाडला कारखान्यात पाळीवर जाई.

"दोन्ही डबे भरतात ना रोज?"

"भरतात मॅडम. आई डबा खाली राहू देत नाय."

"हात काय म्हणतोय?"

"आई करते त्याचं," मनोज म्हणे, आणि पाळीचा टाइम झाला म्हणून फोन ठेवी.

अहवालात बाईजाचा फोटो छापून आला. दोन हातांत दोन डबे. खाली 'आदर्श काळजीवाहक'.

फाल्गुनात एक बैठक अचानक रद्द झाली, आणि सारिका न कळवताच वाडीवर गेली. स्कूटर तिने या खेपेला घराच्या भिंतीला टेकवली. वळून पाहते तो ओट्यावरून देवजी येत होता. डावा हात भिंतीला, उजवा पाय कमरेतून फेकत, पण आपल्या पायांवर, एकटा.

"कुटं होती व्यायामवाली बाई? मी म्हटलं लगीन करून गेली का काय!"

तिने त्याला बसवून पाय पाहिला. टाच मऊ, तेल मुरलेले. नखे नीट काढलेली. पोटरी भरत आली होती. कल्याणच्या एखाद्या मोठ्या इस्पितळात नसते झाले, इतके काम या पायावर झाले होते. मग तिची नजर त्याच्या मांडीवर गेली. तिथे जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचे एक गाठोडे होते, आणि ते गाठोडे म्हणजे त्याचा हात होता.

"हे काय?"

"निरगुडीचा पाला. बाईजा सांज-सकाळ बांधते. तुमी यायच्या दिवशी सोडनार व्हती, तुमी रागवाल म्हनून. आज तुमी चोरावानी आल्या."

"आणि व्यायाम?"

"पायाचा रोजचा. मारून मुटकून उभा करते मला. हाताला आता पालाच बांधायचा, व्यायाम बंद, असं तुमीच नाय का फोनवर सांगितलं?"

मनोजने निरोप उलटा दिला, सारिकाच्या मनात आले. ती पट्टी सोडू लागली. एकावर एक नऊ वेढे होते, आणि दर तीन वेढ्यांवर गाठ. सहाव्या वेढ्याला वास आला. शेवटचा वेढा सुटला तरी हात उघडला नाही. काळा पडलेला पाला मुठीच्या भोवती होता, मुठीत नव्हता. बोटे तळव्यात रुतली होती. वाढलेली नखे आत शिरून तिथली कातडी पांढरी, चिकट झाली होती, दोन ठिकाणी फाटली होती. आणि अंगठा दिसतच नव्हता. तो चार बोटांच्या आत घालून वरून मूठ बांधलेली होती.

"दुखतं?"

"वाईच. पाला लागू पडला की दुखतंच, असं ती म्हनते."

बाईजा घराच्या मागे गोवऱ्या रचत होती. सारिका तिथे गेली आणि जे बोलायचे ते एका दमात बोलली. पाल्याला आपली हरकत नाही, पण मूठ मिटून बांधली तर बोटे कायमची आखडतात. पहिले महिने सोन्याचे असतात, ते परत येत नाहीत. अंगठा हलला होता, म्हणजे सगळा हात आला असता. अडाणीपणाने माणसाचा हात जातो मावशी, हात! वगैरे. बोलणे चांगले झाले. संस्थेच्या शिबिरात ते तिने पुष्कळदा केले होते.

बाईजा गोवरीवर गोवरी ठेवत राहिली.

"ह्या अंगानं ये बाय," ती म्हणाली. "त्या कानानं मला नाय ऐकू येत."

सारिका दुसऱ्या बाजूला गेली. सवयीने तिने विचारले, "कधीपासून?"

"मनोज पोटात व्हता तवापासून."

पुढचा प्रश्न सारिकाच्या तोंडात आलेला होता. तो तिने विचारला नाही.

"पाला कसा बांधतात ते मला ठावं हाय," बाईजा म्हणाली. "माजा बाप पाला देयाचा लोकांना. मूठ उघडून बांधतात."

गोठ्यात म्हशीने पाय आपटला. ओट्यावर देवजी कोणाला तरी विळ्याची गोष्ट सांगत होता. ऐकणारा हसला.

"मग पाय?" सारिकाने विचारले. "पायाचं तर तुम्ही इतकं..."

"पायानं नाय कदी मारलं. खोटं कशाला बोलू?" बाईजाने हातातली गोवरी उलटून पाहिली. "पायानं माजं काय वाकडं केलं? त्याला चालता केला मी. भायेर न्यायचा, धुवायचा, घासायचा, ते मी मरस्तवर करीन. कोनी म्हननार नाय, बाईजानं केलं नाय."

"आणि डबा?"

"डबा भराया सांगितला, भरला. चिंचोके टाकाया काय लागतं?"

"मनोजला माहीत आहे?"

"त्यानं लहानपनी सगलं बगलंय," बाईजा म्हणाली, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

तिने पुढची गोवरी उचलली, पण ठेवली नाही. ती हातात धरूनच सारिकाकडे वळली. एरवी घुम्या असणाऱ्या त्या बाईच्या चेहऱ्यावर, काहीतरी विलक्षण पाहून आलेल्या माणसाचे नवल होते.

"परवा काय झालं बाय, माज्या हातून दुदाचा टोप पडला. सगलं दूद गेलं. तो तितंच व्हता, खाटंवर. बगत व्हता. न् मी आपली उभी. अशीच उभी. अंग चोरलं नाय, काय नाय." तिने हातातली गोवरी ढिगावर ठेवली. "काय झालंच नाय गो."

"तो माझा पेशंट आहे, मावशी," सारिका म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

"हां. हाय ना."

बाईजाने वाद घातला नाही, हात जोडले नाहीत, रडली तर मुळीच नाही. सारिकाला वाटले, रडली असती तर बरे झाले असते. रडणाऱ्या नातेवाइकांशी कसे बोलायचे याचे प्रशिक्षण तिला मिळालेले होते.

बाईजाने ऊन पाणी आणून दिले. दोघींनी मिळून ती मूठ अर्धा तास भिजवली. बाईजाने कोपर धरला, सारिकाने नखे काढली, तळवा पुसला, मलम लावले, बोटांत मऊ फडक्याची गुंडाळी दिली, म्हणजे निदान कातडी सडणार नाही. देवजीचे बोलणे सगळा वेळ चालूच होते. आपल्याला दोन दोन बायका हाताला धरून बसल्या आहेत, चांगोने हे पाहिले तर तोही झटका आणून घेईल, असे तो म्हणाला. त्याच वेळी सारिकाच्या बोटांखाली त्याचा अंगठा हलला. चिमूटभर.

तिने वर पाहिले. बाईजानेही पाहिले होते.

सारिकाने अंगठ्यावर फडक्याचा एक वेढा घातला आणि पट्टी बांधली.

आसनगावला घरी तिने कॉलेजातले जाडजूड पुस्तक काढले. तीन-चार महिन्यांत हात सुधारला नाही तर फारशी आशा ठेवू नये, असे एका पानावर होते. पुढच्या पानावर, एखादे बोट जरी हलत असेल तर वर्षभरानंतरही चिकाटी सोडू नये, असे होते. ती दोन्ही पाने तिने पुन्हा पुन्हा वाचली. मग पुस्तक मिटले.

चैत्रात ती शेवटच्या भेटीला गेली. संस्थेच्या नियमाप्रमाणे चालता झालेला रुग्ण यादीतून उतरवायचा असे. तिने संस्थेची ॲल्युमिनियमची काठी बरोबर नेली होती. बाईजा अंगणात सुपातले वाल फडक्यावर पसरत होती. तिची पाठ ओट्याकडे होती.

"काका, एक सांगायचंय," सारिका त्याच्यासमोर बसत म्हणाली. "हाताचा वेळ गेला. आता मेहनत करून उपयोग नाही. फडक्याची गुंडाळी तेवढी रोज बदलायची."

वाल पसरायचा आवाज थांबला.

"पन अंगठा हलला व्हता," देवजी म्हणाला.

"असं होतं कधी कधी. तो हलला, त्याला अर्थ नसतो."

इतके सरळ खोटे ती आयुष्यात प्रथमच बोलली होती, आणि ते किती सहज येते याचे तिला आश्चर्य वाटले. देवजी आपल्या हाताकडे पाहत राहिला. त्याला कोणताही विनोद सुचला नाही. ओघळलेल्या बाजूने लाळ आली, ती त्याने पुसली नाही. सारिकाला वाटले, आपण एका म्हाताऱ्या माणसाचे काहीतरी चोरून नेत आहोत, आणि दुपारच्या उन्हात, त्याच्या देखत.

"मंग मेढ?"

"डाव्या हातानं रोवा की."

"डाव्यानं मेढ रोवतात काय बाई?" तो हळूच म्हणाला.

अंगणात वाल पसरायचा आवाज पुन्हा सुरू झाला. सारिकाने फाइल उघडली. 'रुग्णाचे ध्येय' याच्यापुढे 'साध्य झाले नाही' असे लिहिले आणि सही केली. मग घाईने, विषय बदलावा म्हणून, तिने काठी त्याच्या डाव्या हातात दिली, उंची बेतून घेतली, काठी आधी, मग उजवा पाय, मग डावा, असे समजावले.

देवजी उठला. दोन पायऱ्या उतरून अंगणात आला. सहा पावले, आठ पावले. सारिका हात पुढे करून शेजारून चालत होती, पण हात लावायची गरज पडली नाही. बाईजाच्या पाठीमागे तो थांबला. तेवढ्यात एक कोंबडी वालावर आली. देवजीने सगळा भार त्या अधू उजव्या पायावर घेतला, तोल सांभाळला, आणि काठी उचलून कोंबडीच्या पाठीत घातली. आधाराशिवाय एका पायावर इतका भार त्याला पेलेल, असे सारिकाला वाटले नव्हते. तिच्या तोंडून नकळत "वा!" निघाले.

कोंबडीने पंख झाडले आणि पुन्हा वाल टिपू लागली.

देवजीने काठी डोळ्यांसमोर धरून वरपासून खालपर्यंत न्याहाळली, मनगटात दोनदा तोलली.

"बाई," तो म्हणाला, "ही लय हलकी हाय. एकादी जड बगून द्या."